अपघातग्रस्त गाडी आणि मालकाचे हक्क



वसंत व्याख्यानमालेच्या व्यासपीठावरून संतांविषयी बोलावे, इतिहासाविषयी बोलावे, अशी आपल्याकडची रीत आहे. गाडीचा बंपर आणि विम्याचा दावा हा विषय त्या मानाने फारच किरकोळ वाटेल. पण १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांच्या प्रेरणेने पुण्यात ही प्रथा पडली ती नागरिकाला शहाणे करण्यासाठी. ज्या गोष्टीत सामान्य माणूस रोज फसतो, ती गोष्ट या व्यासपीठाला वर्ज्य असू नये, असे आम्हांस वाटते.

आपले लोहारा यवतमाळला लागून असलेले गाव. दारव्हा रस्ता, औद्योगिक वसाहत, मालाची ने-आण करणाऱ्या लहानमोठ्या गाड्या, हे आपले रोजचे चित्र. यवतमाळहून दारव्ह्यामार्गे मूर्तिजापूरला जाणारी शकुंतला गाडी बंद पडली आणि सारा भार रस्त्यावर आला. ज्याच्या घरी एकच मालवाहू गाडी आहे आणि तीही बँकेच्या कर्जाची, त्याची गाडी महिनाभर गॅरेजमध्ये पडली की भाडे थांबते, पण कर्जाचा हप्ता थांबत नाही. म्हणून हा विषय पत्र्याचा नाही, पोटाचा आहे.

पहिली गोष्ट, आपण कोणता विमा घेतला आहे ते पाहा. १९३९ च्या मोटार कायद्याने विमा सक्तीचा केला आणि ती सक्ती १९४६ सालापासून अंमलात आली. आजच्या १९८८ च्या कायद्यातही ती आहे. पण ही सक्ती परक्या माणसाच्या हानीपुरती आहे. आपल्या गाडीने दुसऱ्यास इजा झाली तर त्याची भरपाई त्या विम्यातून होते, आपल्या स्वतःच्या गाडीचा चुराडा झाला तर त्यातून एक पैसाही मिळत नाही. स्वतःच्या गाडीच्या नुकसानीचा विमा वेगळा, आणि तो ऐच्छिक आहे. पोलिसांनी अडवू नये म्हणून स्वस्तातला कागद घेणारे पुष्कळ, आणि अपघातानंतर तो कागद उलटसुलट करून पाहणारेही पुष्कळ! तेव्हा आज घरी गेल्यावर पॉलिसी काढून एवढे तरी वाचा.

आता अपघात झाला, असे समजू. माणूस जखमी असेल तर आधी माणूस, मग गाडी. जखमीला उपचार मिळवून देणे आणि चोवीस तासांच्या आत पोलिसांना कळविणे हे चालकाचे कायदेशीर कर्तव्य आहे, आणि विमा कंपनीला कळविणेही त्याच कलमात आहे. त्यानंतर गाडीचे चारी बाजूंनी फोटो काढावेत. गाडी रस्त्यात बेवारस सोडू नये. मोडक्या अवस्थेत ती तशीच चालवीत नेऊ नये. तसे केल्याने जे जास्तीचे नुकसान होईल ते मालकाच्या माथी, अशी अट पॉलिसीत असते. आणि पाहणी होण्याआधी मिस्त्रीला गाडी खोलू देऊ नये. घाईने खोललेल्या गाडीचा पुरावा भंगारात जातो, आणि मग मालकाचा शब्द कोणी मानीत नाही.

गाडी कोणत्या गॅरेजात न्यावी, हा खरा वादाचा मुद्दा. ‘आमच्याच यादीतल्या गॅरेजात न्या, नाहीतर दावा मिळणार नाही,’ असे फोनवर सांगितले जाते, आणि बिचारा मालक मुकाट्याने मान हलवितो. यात खरे किती? यादीतल्या गॅरेजात नेल्यास कंपनी तिथले बिल परस्पर भरते, ही मोठी सोय आहे. पण सोय म्हणजे सक्ती नव्हे. नेहमीच्या पॉलिसीत मालकाला आपल्या विश्वासाच्या गॅरेजात गाडी नेता येते. मात्र तेथे पैसे आधी पदरचे भरावे लागतात आणि पावत्या देऊन मागून मिळवावे लागतात. दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. गाडी दुरुस्त करून द्यायची, बदलून द्यायची की नुकसानीची रक्कम रोख द्यायची, हे ठरविण्याचा पर्याय पॉलिसीने कंपनीकडे ठेवलेला आहे. शिवाय काही पॉलिसींत हप्त्यात सवलत घेऊन गॅरेजचे बंधन स्वीकारलेले असते. म्हणून कोणी ‘न्यावेच लागेल’ म्हणाला तर त्याला एवढेच विचारा : ‘पॉलिसीतील कोणत्या अटीप्रमाणे? कृपया लेखी कळवा.’ या एका वाक्याने पुष्कळ सक्ती गळून पडतात.

यानंतर येतो सर्व्हेअर. ठरावीक रकमेवरच्या दाव्यात परवानाधारक सर्व्हेअरची पाहणी विमा कायद्याने आवश्यक केली आहे. २०२४ साली विमा नियामक प्राधिकरणाने काढलेल्या परिपत्रकानुसार दावा कळविल्यापासून चोवीस तासांत सर्व्हेअर नेमावा, त्याने पंधरा दिवसांत अहवाल द्यावा, आणि अहवाल मिळाल्यावर कंपनीने सात दिवसांत निर्णय द्यावा, असे बंधन आहे. त्या अहवालाची प्रत मागून घ्या. त्यात कोणता भाग बदलायचा, कोणता ठोकून सरळ करायचा आणि कशाची किती रक्कम धरली, हे सारे असते.

सर्व्हेअरने लिहिले ती काळ्या दगडावरची रेघ, असा समज आहे. तो चुकीचा आहे. न्यू इंडिया अ‍ॅश्युरन्स विरुद्ध प्रदीप कुमार या ट्रकच्या अपघाताच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २००९ साली स्पष्ट केले की सर्व्हेअरचा अहवाल दाव्याचा आधार असू शकतो, पण तो कंपनीवरही बंधनकारक नाही आणि विमेदारावरही नाही. अर्थात, अहवाल खोडायचा तर हाती दुरुस्तीच्या पक्क्या पावत्या हव्यात. कच्च्या चिठ्ठीवर केलेले काम न्यायासनापुढे उभे राहत नाही.

पैसे कमी का मिळाले, ही तक्रार मात्र प्रत्येक वेळी लबाडीची नसते. थोडा हिशेब करू. एक मोटार साडेतीन वर्षांची आहे. बंपर ८,००० रुपये, बॉनेट १२,०००, पुढची काच ७,०००, मजुरी ६,०००, एकूण ३३,०००. रंगकाम आणि कर बाजूला ठेवू. प्लॅस्टिकच्या भागावर निम्मा घसारा, म्हणून बंपरचे ४,०००. तीन ते चार वर्षांच्या गाडीच्या धातूच्या भागावर २५ टक्के घसारा, म्हणून बॉनेटचे ९,०००. काचेवर घसारा नाही आणि मजुरीवरही नाही, म्हणून ते पूर्ण. झाले २६,०००. यातून पंधराशे सीसीपर्यंतच्या खासगी मोटारीचे सक्तीचे १,००० रुपये वजा जातात. हाती २५,०००, उरलेले ८,००० आपले. हा हिशेब ज्याला ठाऊक आहे तो कंपनीशी उगाच भांडणार नाही, आणि काचेवर घसारा लावला तर गप्पही बसणार नाही. ‘शून्य घसारा’ नावाचे जादा संरक्षण घेतले असेल तर यातली बरीच कपात टळते. दुरुस्तीचा खर्च विम्यात धरलेल्या गाडीच्या किमतीच्या ७५ टक्क्यांहून अधिक होत असेल, तर गाडी पूर्ण नुकसानीची धरली जाते. कर्ज असेल तर तेव्हा पैशावर पहिला हक्क बँकेचा असतो.

चालकाच्या परवान्यावरून दावे अडत असत, त्याबद्दलही एक दिलासा सांगतो. हलक्या वाहनाचा परवाना असलेल्याला साडेसात हजार किलोपर्यंतचे हलके मालवाहू वाहन चालविता येते, त्यासाठी वेगळी नोंद लागत नाही, हे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने नोव्हेंबर २०२४ मध्ये कायम केले. आपल्याकडच्या लहान मालगाड्यांच्या चालकांना हा निकाल तोंडपाठ असावा.

गाडी ताब्यात घेताना समाधानपत्रावर सही मागतात. आधी गाडी चालवून पाहा, बदललेले भाग बिलाशी ताडून पाहा, मग सही करा. रक्कम घेताना ‘पूर्ण व अखेरची’ अशा कागदावर सही केली म्हणजे सारे संपले, असेही मानू नका. अशा कागदाचा उपयोग करून विमेदाराचा दाद मागण्याचा हक्क बुडवू नये, असे नियामकाने २०१५ साली कंपन्यांना बजावले होते. तरीही सही करताना ‘रक्कम मान्य नाही, हक्क राखून स्वीकारली’ असे लिहिणे शहाणपणाचे.

इतके करूनही न्याय मिळाला नाही, तर? आधी कंपनीच्या तक्रार अधिकाऱ्याकडे लेखी तक्रार करावी. महिन्याभरात दाद लागली नाही, तर विमा लोकपालाकडे जाता येते. तेथे फी नाही, वकील नाही. दुसरी वाट ग्राहक आयोगाची. १९७४ साली पुण्यात बिंदुमाधव जोशी यांनी ग्राहक पंचायतीचे काम उभे केले, १९८६ साली ग्राहक संरक्षण कायदा आला, आणि २०१९ च्या नव्या कायद्याने एक मोठी गोष्ट दिली : तक्रारदार जेथे राहतो तेथील जिल्हा आयोगाकडे त्याला तक्रार करता येते. कंपनीचे कार्यालय मुंबईत असो की दिल्लीत, लोहाऱ्याच्या माणसाला यवतमाळच्या पुढे जाण्याचे कारण नाही. मुदत मात्र दोन वर्षांची. ती चुकवू नका.

बंधुभगिनींनो, विमा म्हणजे कंपनीने केलेला उपकार नव्हे. हप्ता भरून घेतलेला तो करार आहे. करारात आपलेही कर्तव्य आहे. खोटे बिल जोडणारा, जुना पोचा नव्या अपघातात घुसविणारा मालक शेवटी आपल्याच शेजाऱ्याचा हप्ता वाढवितो. आपण खरे बोलावे, वेळेवर कळवावे, प्रत्येक गोष्ट लेखी ठेवावी. आणि मग आपल्या हक्काचा रुपया मागताना आवाज खाली आणू नये. कायदा त्याच्याच उपयोगी पडतो, ज्याच्या घरात कागद जपून ठेवलेले असतात.