लहान शाळेचे एक वर्ष
(भोपाळ येथील गणेशोत्सवात, व्याख्यानाच्या कार्यक्रमात एका शिक्षिकेने केलेले भाषण)



या व्यासपीठावर दरवर्षी मोठे वक्ते येतात. मी वक्ती नाही, भोपाळमधल्या एका लहानशा खासगी शाळेत गेली बावीस वर्षे शिकवणारी बाई आहे. आपल्या कार्यवाहांचा फोन आला तेव्हा त्यांनी बजावले होते, "ताई, धोरण, मूल्यमापन असले काही नको. मुले वर्षभर काय करतात तेवढे सांगा." त्यांची आज्ञा मोडायची नाही, म्हणून २०२४-२५ या एका वर्षाची हकिकत आपल्यापुढे ठेवते.

आमची शाळा पहिली ते आठवीपर्यंत. मुले चौऱ्याहत्तर, शिक्षक आठ. मैदान नाही, अंगण आहे आणि अंगणात एक कडुनिंब आहे. जागा अपुरी असल्यामुळेच असेल, पण महिन्यातून एक दिवस आमची शाळा बाहेर भरते. त्या दिवसाचे तीन नियम आहेत. पहिला, कोणाचीही फी थकली असली तरी ते मूल बसमध्ये असलेच पाहिजे. दुसरा, प्रत्येकाने वहीत एक प्रश्न लिहून न्यायचा. तिसरा, डबे एकत्र करून खायचे. तिसरा नियम मुलांना सर्वांत आवडतो, हे वेगळे सांगायला नको.

वर्षाची सुरुवात सावलीने झाली. आपल्या शहराच्या उत्तरेला, विदिशा रस्त्यावर, साधारण वीस किलोमीटरवर कर्कवृत्त जाते. आपण सगळे तिथून कितीदा गेलो आहोत. गाडी थांबवून फोटोही काढले असतील. २१ जूनला आम्ही मुलांना तिथे नेले. हातात एक सरळ काठी, ओळंबा आणि पांढरा पुठ्ठा. ढग येत-जात होते. बारा वाजले तरी काठीची सावली होतीच. मुले हिरमुसली. मग सव्वाबारानंतर ढगांच्या फटीतून ऊन आले आणि सावली काठीच्या बुडाशी नाहीशी झाली. लगेच प्रश्न आला, "बाई, सूर्य उशिरा का आला?" सूर्य वेळेवरच आला होता. आपले घड्याळ साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखांशाचे आहे आणि भोपाळ त्याच्या पाच अंश पश्चिमेला आहे. एका अंशाला चार मिनिटे, म्हणजे वीस मिनिटांचा फरक. पुस्तकात हा धडा सगळ्यांनी वाचला होता, पण तो कळला त्या रस्त्याच्या कडेला. एका मुलीची आत्या पुण्याला असते. तिकडे सावली मेच्या मध्यावर आणि पुन्हा जुलैअखेरीस नाहीशी होते, हे तिने घरी फोन करून पक्के केले.

पावसाळ्यात बस लागत नाही, कारण आपला बडा तलाव आहे. भिंतीवर आलेखाचा कागद लावला आणि रोज वर्तमानपत्रातली तलावाची पातळी त्यावर टिपायची, असे ठरले. आपण भोपाळकर भेटलो की विचारतो, "किती झाला तलाव?" पूर्ण भरला म्हणजे १६६६.८० फूट, हे इथल्या रिक्षावाल्यालाही पाठ असते. चौथीतल्या एका मुलाने विचारले, "तलाव सोळाशे फूट खोल आहे?" सगळे हसले, मग गप्प झाले, कारण उत्तर कोणालाच देता येईना. ही उंची समुद्रसपाटीपासून मोजलेली आहे, म्हणजे सुमारे ५०८ मीटर. हे समजल्यावर भदभद्याचे दरवाजे कधी आणि का उघडतात, तेही समजले. राजा भोजाच्या नावाने ओळखला जाणारा हा तलाव २००२ पासून रामसर यादीत आहे आणि शहराचा मोठा भाग आजही त्याचेच पाणी पितो. म्हणून गणपतीच्या आधी मुलांनी मातीच्या मूर्ती केल्या आणि शाळेच्या अंगणात बादलीत विसर्जन केले. ती माती कडुनिंबाच्या आळ्यात गेली. प्रवचन कोणी दिले नाही. ज्या पाण्याची पातळी दोन महिने आपण रोज लिहिली, त्यात काय टाकायचे हे मुलांनीच ठरवले.

नोव्हेंबरमध्ये भीमबेटका. मराठी माणसाने अभिमानाने सांगावे असे हे ठिकाण. नीमचला जन्मलेले आणि उज्जैनला कर्मभूमी मानलेले डॉ. विष्णु श्रीधर वाकणकर यांनी १९५७ मध्ये आगगाडीतून जाताना हे खडक पाहिले आणि पुढे पायी जाऊन ही चित्रे जगापुढे आणली. १९७५ मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. २००३ मध्ये युनेस्कोने हे स्थळ जागतिक वारशाच्या यादीत घेतले. आमच्या मुलांना मात्र आणखी एका गोष्टीने वेड लावले. तिथल्या मोठ्या गुहेच्या छताजवळ पानासारखा एक ठसा आहे. काही शास्त्रज्ञांनी २०२१ मध्ये तो पंचावन्न कोटी वर्षांपूर्वीच्या डिकिन्सोनिया या जिवाचा जीवाश्म असल्याचे प्रसिद्ध केले. २०२३ मध्ये दुसऱ्या शास्त्रज्ञांनी दाखवून दिले, की ते गळून गेलेल्या मधमाश्यांच्या पोळ्याचे मेण आहे आणि पहिल्या गटानेही ते मान्य केले. सातवीतली एक मुलगी म्हणाली, "म्हणजे मोठी माणसेसुद्धा खोडून पुन्हा लिहितात." खोडलेल्या उत्तराला लाजायचे नसते, हे मी बावीस वर्षे सांगत आले आहे. त्या दिवशी मधमाश्यांनी ते दोन मिनिटांत पटवले.

३ डिसेंबरला आपल्याकडे सुट्टी असते. बाहेरगावच्या माणसाला ती समजत नाही आणि हल्ली आपल्या मुलांनाही समजत नाही. २०२४ मध्ये त्या रात्रीला चाळीस वर्षे झाली. आम्ही मुलांना कुठेही नेले नाही. घरातल्या किंवा शेजारच्या एका वडीलधाऱ्या माणसाला तीनच प्रश्न विचारून या, असे सांगितले: तुम्ही कुठे होतात? कोणत्या दिशेला गेलात? तुम्हाला कोणी काय सांगितले? सगळ्या वह्या एकत्र ठेवून शहराच्या नकाशावर बाण काढले. काही बाण गॅसपासून दूर गेलेले, काही वाऱ्याबरोबरच गेलेले. ओला कपडा तोंडावर धरा, एवढी साधी गोष्टही त्या रात्री लोकांना कोणी सांगितली नव्हती. तिसऱ्या प्रश्नाखाली बहुतेक वह्यांत एकच उत्तर होते: "कोणीच काही नाही." एका आजोबांनी नातवाला सांगितले, की इतक्या वर्षांत घरात हे कोणी विचारलेच नव्हते. पुढे जानेवारी २०२५ मध्ये कारखान्याच्या आवारातला ३३७ टन कचरा पीथमपूरला नेला, ती बातमी मुलांनी आपणहून कापून नकाशाशेजारी चिकटवली.

जानेवारीत साँची. पाहुणे आले की आपण त्यांना साँचीला नेतो, स्तूपाला फेरी मारतो, बोरे विकत घेतो आणि परततो. मुलांना आम्ही वेगळे काम दिले. स्तूपाच्या कठड्यावर ब्राह्मी लिपीत शेकडो छोटे लेख आहेत. त्यांतले बरेचसे एकाच दोन अक्षरांनी संपतात, हे जेम्स प्रिन्सेपच्या ध्यानात आले आणि ती अक्षरे 'दानं' अशी असावीत, हा तर्क त्याने केला. १८३७ मध्ये ब्राह्मीचे कुलूप उघडले ते या किल्लीने. मुलांना फक्त ही दोन अक्षरे फळ्यावर काढून दाखवली होती. दुसरे अक्षर सोपे, उलटा टी आणि शेजारी ठिपका. आता शोधा म्हटले.

आमच्या सहावीत एक मुलगा होता. देवनागरी वाचताना तो अडखळायचा. वर्गात वाचायची पाळी आली की त्याला तहान लागायची. त्या दिवशी त्याने एकट्याने अकरा 'दानं' शोधले आणि हुशार मुलांना हाताला धरून दाखवले. ब्राह्मीत सगळेच पहिलीत होते ना! त्याची नजर पक्की होती; कमी होता तो धीर. परतताना बसमध्ये त्याने वहीतला आपला प्रश्न स्वतः उभा राहून वाचला: "ज्यांनी दान दिले ते राजे होते का?" नव्हते. भिक्षू होते, भिक्षुणी होत्या, व्यापारी होते, उज्जैनचे तर पुष्कळ लोक होते. दक्षिण तोरणावर विदिशेच्या हस्तिदंत कारागिरांनी कोरीवकाम केल्याची नोंद आहे. आपल्या स्मरणिकेत शेवटच्या पानांवर वर्गणीदारांची यादी असते, आणि आपले नाव नीट छापले आहे ना हे आपण आधी पाहतो, त्यात गैर काही नाही. दोन हजार वर्षांपूर्वीही लोकांना तसेच वाटत होते.

फेब्रुवारीत भोजपूरला गेलो. मंदिर अपूर्ण राहिले, म्हणूनच ते कसे बांधत होते हे तिथे दिसते. आजूबाजूच्या खडकांवर कारागिरांनी कोरलेले आराखडे आहेत. मुलांनी टेपने ते मोजून वहीत लहान प्रमाणात उतरवले. गुणोत्तर आणि प्रमाण हा धडा त्या वर्षी मला शिकवावाच लागला नाही.

आता मार्च महिन्याचे सांगते. नऊ पालकांच्या सहीचे पत्र आले: बाहेरचे दिवस वर्षातून दोनच ठेवावेत आणि उरलेल्या वेळात स्पर्धा परीक्षांची तयारी घ्यावी. या पालकांना नावे ठेवायला मी उभी नाही. त्यांच्यापैकी बहुतेकांनी काटकसर करून मुलांना आमच्याकडे घातले आहे. सभा झाली. आम्ही मुलांच्या वह्या टेबलावर मांडल्या. सरकारी धोरणही याच दिशेने जात आहे, हे सांगितले. १९९३ मध्ये यशपाल समितीने दप्तराच्या ओझ्यापेक्षा न समजण्याचे ओझे जड असते हे दाखवले, २०२० च्या शैक्षणिक धोरणात सहावी ते आठवीच्या काळात दहा दिवस दप्तराविना ठेवायला सांगितले, आणि त्याची मार्गदर्शक पुस्तिका तर आपल्याच भोपाळमधल्या श्यामला हिल्सवरच्या संस्थेत तयार झाली. सभेने बाहेरचे दिवस कायम ठेवले. तरी पाच मुले दुसऱ्या शाळेत गेली. साँचीला अकरा 'दानं' शोधणारा मुलगा त्या पाचांत आहे.

त्याचे वडील दाखला न्यायला आले तेव्हा फार नम्रपणे म्हणाले, "मॅडम, तुम्ही चांगलेच करता. पण पुढे जाऊन याला ब्राह्मी कोण विचारणार आहे?" मी म्हटले, ब्राह्मी कोणी विचारणार नाही, पण चार लोकांपुढे उभे राहून प्रश्न विचारता येतो का, हे मात्र जन्मभर विचारतील. ते काही बोलले नाहीत. दाखला घेतला, नमस्कार केला आणि गेले. त्यांना माझे पटले नाही म्हणण्यापेक्षा, वाट पाहणे त्यांना परवडणारे नव्हते, असे मला वाटते. परीक्षेचा निकाल वर्षअखेर लागतो. आमच्या कामाचा निकाल कधी लागतो ते आम्हालाही सांगता येत नाही, आणि फी मात्र दर महिन्याला भरावी लागते. हा प्रश्न एकट्या आमच्या शाळेचा नाही. आपल्या प्रत्येकाच्या घरात तो जेवणाच्या ताटावर बसलेला आहे.

चौऱ्याहत्तरांतून पाच गेले म्हणजे मोठ्या शाळेला कळणारही नाही. आमच्याकडे तेवढ्यात एका शिक्षिकेच्या पगाराचा प्रश्न उभा राहतो. यंदा दोन मुले नवी आली आहेत. बसचे भाडे परवडेना, म्हणून बाहेरचे दिवस दहावरून सातवर आणले आहेत. पुरातत्त्व खात्याच्या स्मारकांत पंधरा वर्षांखालच्या मुलांना तिकीट नसते, त्यामुळे खर्च काय तो बसचाच.

शेवटी एक मागणे. पैसे मागायला आले असे समजू नका, दिलेत तर नाही म्हणणार नाही. पण समोर निवृत्त अभियंते बसले आहेत, जंगल खात्यातले, रेल्वेतले, बँकेतले आहेत. पन्नास वर्षे या शहरात काढलेल्या आजी आहेत. आपण वर्षातला एकच दिवस आमच्या मुलांबरोबर चला. धरणाचा दरवाजा कसा उघडतो हे ज्याने तो उघडला त्याने सांगावे. सिग्नल कसा पडतो हे ज्याने पाडला त्याने सांगावे. आणि फक्त आमच्याच मुलांबरोबर असे नाही. आपली नातवंडे ज्या शाळेत असतील तिथे जाऊन विचारा, "आम्ही येऊ का?" नावे नोंदवायची वही प्रसादाच्या टेबलावर ठेवली आहे. पहिल्या सहलीला डबा मात्र जास्तीचा आणावा लागेल, तिसरा नियम मोठ्यांनाही लागू आहे.



गणपती बाप्पा मोरया!