वेल्डिंग मशीन केवढे घ्यावे?
(व्यवसाय प्रशिक्षण वर्गाच्या समारोपप्रसंगी केलेले भाषण)



वर्ग आज संपतो आहे. तुमच्यापैकी काहीजण बचत गटाच्या कर्जातून पाड्यावर वर्कशॉप काढणार आहेत. सगळ्यांचा एकच प्रश्न आहे, "सर, मशीन केवढे घ्यायचे?" दुकानदार म्हणतो, चारशेचे घ्या, पुन्हा बघायला नको. माझे म्हणणे, पैसे मोजण्याआधी दोन गोष्टी बघा. तुमच्याकडे काम कोणते येणार, आणि खांबावरून वीज कशी येणार.

आधी काम. आपल्या जव्हार-मोखाड्याच्या पाड्यांवर पावसाच्या तोंडाला काय दुरुस्तीला येते? पॉवर टिलरच्या लोखंडी चाकाची तुटलेली पट्टी, कोळप्याचा दांडा, शेडचे अँगल, खिडकीची जाळी. यातले बहुतेक लोखंड दोन ते सहा मिलिमीटर जाडीचे. त्याला १२ नंबरचा म्हणजे २.५ मिलिमीटरचा आणि १० नंबरचा म्हणजे ३.१५ मिलिमीटरचा रॉड पुरतो. पहिल्याला साधारण ६० ते ९० अँपिअर लागतात, दुसऱ्याला ९० ते १३०. म्हणून २०० अँपिअरचे सिंगल फेज इन्व्हर्टर मशीन तुम्हाला पुरून उरते.

थोडे उरायलाही हवे. मशीनच्या पाटीवर २०० अँपिअरला ६० टक्के लिहिले असेल, तर त्या करंटवर दहा मिनिटांत सहाच मिनिटे वेल्डिंग करायचे आणि चार मिनिटे मशीन थंड होऊ द्यायचे. तेच मशीन शंभरावर चालवले तर फारसे थांबावे लागत नाही.

कोणी विचारेल, दहा मिलिमीटरची पट्टी आली तर? दोन्ही कडा ग्राइंडरने तिरक्या घासा, मध्ये खाच होऊ द्या आणि थरावर थर भरा. प्रत्येक थराची खपली हातोडीने काढून ब्रश मारा. वेळ जास्त जाईल, पण जोड पक्का होईल. ट्रॉलीच्या हुकासारखे काम मात्र हात बसल्याशिवाय घेऊ नका. तो जोड सुटला तर माणूस जातो.

आता वीज. तेलाचे मोठे मशीन बहुधा दोन फेजवर चालते. पाड्यावर घरात येते ती सिंगल फेज, आणि शेतीपंपाची थ्री फेज ठरावीक तासच असते. मग मोठे मशीन बराच वेळ नुसते बसून राहते. हप्ता मात्र थांबत नाही.

इन्व्हर्टर मशीनसुद्धा ८० अँपिअरवर वेल्डिंग करताना लाइनमधून १५ अँपिअरच्या आसपास ओढते. दिव्याच्या वायरीवर ते लावू नका. मंजूर भार वाढवून घ्या, मीटरपासून वेगळी जाड वायर ओढा, एमसीबी बसवा, अर्थिंग करा.

खरेदीला जाण्याआधी संध्याकाळी सगळ्यांचे दिवे लागल्यावर मल्टिमीटरने व्होल्टेज मोजा. २३० ऐवजी १८० दिसले, तर तेवढ्या व्होल्टेजवर चालणारे मशीन आहे का, हे दुकानात पाटी वाचून पाहा. नुसता शब्द घेऊ नका. १० नंबरचा एक अख्खा रॉड तिथेच जाळून दाखवायला सांगा.

लहान मशीन घेऊन जे पैसे वाचतील, त्यातून ग्राइंडर, चामड्याचे हातमोजे आणि १० किंवा ११ नंबरच्या काचेचे हेल्मेट घ्या. डोळे गेले तर मशीन काय कामाचे?

चिखलणीच्या दिवसांत टिलरचे चाक मोडले, तर शेतकऱ्याचा एक दिवस तालुक्याला जाण्या-येण्यात जातो. ते काम पाड्यावरच झाले, तर त्याचा दिवस वाचेल आणि मजुरी तुमच्या हाती येईल. दिवाळीनंतर आपली कितीतरी घरे वीटभट्टीवर जातात. हप्ता फेडून चार पैसे उरवणारे वर्कशॉप त्यातल्या एका घराला तरी गावात ठेवू शकेल. म्हणून आपल्या कामाला आणि विजेला झेपेल तेवढेच मशीन घ्या.