अडकलेले काडतूस

(मुलुंड येथे नेमबाजी शिकणारे विद्यार्थी आणि त्यांचे पालक यांच्यासमोर एका पत्रकाराने केलेल्या भाषणाचे शब्दांकन)



मी नेमबाज नाही. कला शाखेचा पदवीधर आहे आणि आयुष्यभर बातम्या लिहीत आलो. पिस्तुलाविषयी बोलण्याचा माझा अधिकार एवढाच की, आमच्या इमारतीतील एका मुलीचे पिस्तूल वारंवार अडकत होते आणि त्या प्रकरणात मी पहिल्या दिवसापासून नसते नाक खुपसले.

मुलगी सतरा वर्षांची. वडील नोकरदार. आठवड्यातून चार दिवस मुलुंडहून लोकल पकडायची, दादरला गाडी बदलायची आणि सरावाला जायचे. प्रकार २५ मीटर पिस्तूल, म्हणजे आपल्या कोल्हापूरच्या राही सरनोबतचा प्रकार. राहीने २०१३ साली चांगवोनच्या विश्वचषकात आणि २०१८ साली जकार्ता-पालेमबांगच्या आशियाई स्पर्धेत सुवर्णपदक मिळवले, तेव्हापासून अनेक मराठी घरांत हा प्रकार ठाऊक झाला. साठ गोळ्या, त्यांपैकी तीस शांतपणे आणि तीस झटपट. झटपट फेरीत लक्ष्य तीन सेकंद दिसते आणि सात सेकंद लपते. त्या तीन सेकंदांत काडतूस अडकले, तर काय होत असेल याची कल्पना करा.

या मुलीचे नेमके तेच होत होते. दर सरावाला एकदोनदा राउंड फसे. सर्वांचे निदान एकच : ‘मनगट कमजोर आहे. मुलीची जात, जमणार नाही.’ घरातही तसेच वारे वाहू लागले. आई म्हणाली, बारावीचे वर्ष आहे, पुरे झाले आता. पोरगी रात्री पाण्याने भरलेली बाटली हातात धरून मनगटाचा व्यायाम करी. ते पाहून मला राहवेना. पोलीस दलातून निवृत्त झालेले एक आर्मोरर माझ्या परिचयाचे आहेत. इशापूरच्या कारखान्यात बनलेली नऊ मिलिमीटरची ‘वन-ए’ पिस्तुले, म्हणजे १९३५ च्या ब्राउनिंग हाय-पॉवरची भारतीय आवृत्ती, त्यांनी वर्षानुवर्षे हाताळली. त्यांना मी विनंती केली.

त्यांनी आधी यंत्र समजावून सांगितले. गोळी सुटली की स्लाइड मागे जाते. जाताना रिकामी पुंगळी नळीतून ओढून बाहेर फेकते. मग स्प्रिंगच्या जोराने पुढे येते आणि येताना मॅगझिनमधले सर्वांत वरचे काडतूस ढकलून नळीत बसवते. स्लाइड मागे जाऊन परत येईपर्यंत मॅगझिनच्या स्प्रिंगने पुढचे काडतूस वर उचलून तयार ठेवलेले असले पाहिजे. पिस्तूल जितके आटोपशीर, तितकी स्लाइड हलकी, तिचा प्रवास आखूड आणि स्प्रिंग कडक. चुकीला वाव कमी. म्हणूनच खिशात मावणारी छोटी पिस्तुले अधिक नखरे करतात.

मनगटाचा मुद्दा खोटा नव्हे, हे आर्मोररसाहेबांनी प्रामाणिकपणे मान्य केले. हात ढिला असेल, तर स्लाइडबरोबर सगळे पिस्तूलच मागे जाते, स्लाइडचा प्रवास अपुरा राहतो आणि पुंगळी धुराड्यासारखी खिडकीत उभी राहते. ‘पण हिच्या पिस्तुलात पुंगळी उभी राहते का?’ त्यांनी विचारले. मुलगी म्हणाली, ‘नाही काका. पुंगळी उडून जाते, पण पुढच्या काडतुसाचे नाक खाली अडकते.’ म्हातारा हसला. इतक्या महिन्यांत हा प्रश्न तिला कोणी विचारलाच नव्हता!

नाक खाली अडकणे म्हणजे संशय मॅगझिनवर. ते पुरते बसलेले नसेल, स्प्रिंग थकलेली असेल किंवा काडतूस धरून ठेवणारे वरचे ओठ वाकलेले असतील. स्लाइड जवळजवळ मिटून थोडीशी उघडी राहिली असती, तर त्यांनी आधी नळीतील घाण पाहिली असती. पॉइंट टू-टूच्या काडतुसावरील मेण आणि दारूची काजळी तिथे साठते. वर आपल्या मुंबईचा पावसाळा! गंज चढेल या भीतीने लोक तेल ओततात आणि त्या तेलात धूळ बसून खळ तयार होते. तेल पुसून घ्यावे, नुसता ओशटपणा उरावा, असे त्यांचे म्हणणे.

टू-टूच्या काडतुसाला आणखी एक खोड आहे. त्याच्या बुडाला कडा असते. मॅगझिन भरताना वरच्या काडतुसाची कडा खालच्याच्या पुढे बसावी लागते. मागे राहिली तर दोन्ही एकमेकांत अडकतात. नागरिकांना परवान्यावर मिळणाऱ्या पॉइंट थ्री-टू पिस्तुलाच्या काडतुसालाही पुसटशी कडा असते आणि तिथेही हा प्रकार घडतो. जाता जाता सांगतो, चंद्रशेखर आझादांचे प्रयागराजच्या संग्रहालयातील कोल्ट पिस्तूल याच बोअरचे आहे.

आता तपासाची पद्धत. त्यांनी नखाला लावायच्या रंगाने दोन मॅगझिनवर एक आणि दोन असे आकडे घातले. एका वेळी एकच गोष्ट बदलायची, ही त्यांची अट. तेच पिस्तूल, तोच हात, काडतुसांचे तेच खोके. बदलायचे ते फक्त मॅगझिन. मग काडतुसांचा दुसरा लॉट. मग दुसऱ्याचा हात. प्रत्येक वेळी वहीत नोंद. दोन आठवड्यांत बारा वेळा राउंड फसला. त्यांपैकी अकरा वेळा मॅगझिन क्रमांक दोन! मुलीला मग आठवले की, ते मॅगझिन एकदा सिमेंटच्या फरशीवर पडले होते. एक ओठ केसभर आत वळला होता. पक्कड घेऊन तो सरळ करायला मी निघालो, तेव्हा आर्मोररसाहेबांनी माझा हात धरला. ओठ वाकवणे, नळीचा उतार कानशीने घासणे, हे घरचे उद्योग नव्हेत. मॅगझिन बदलायचे. दुरुस्ती करायचीच, तर परवानाधारक कारागिराकडे.

पण त्याआधी एक नुकसान होऊन गेले होते आणि तेच मला पालकांना आवर्जून सांगायचे आहे. एका स्पर्धेत तिचा राउंड फसला, तेव्हा घाबरून तिने स्वतःच स्लाइड ओढली. आंतरराष्ट्रीय नियम असा की, पिस्तूल लक्ष्याच्या दिशेने धरायचे, बोट चापावरून काढायचे, मोकळा हात वर करायचा आणि पंचाची वाट पाहायची. दोष यंत्राचा ठरला, तर ती संधी पुन्हा मिळते. स्वतः हात लावलात, तर उरलेल्या गोळ्या शून्य. तिच्या तीन गेल्या, म्हणजे तीस गुणांची संधी गेली. सरावातही क्रम तोच : तोंड लक्ष्याकडे, चाप फुटूनही गोळी सुटली नसेल तर अर्धा मिनिट थांबणे, आधी मॅगझिन बाहेर, मग स्लाइड मागे, मग नळीत डोळ्यांनी पाहणे.

यंत्र दगा कोणालाही देते. २०२१ च्या टोकियो ऑलिंपिकमध्ये मनू भाकरच्या एअर पिस्तुलाचा खटका ऐन पात्रता फेरीत बिघडला. दुरुस्तीत बहुमोल मिनिटे गेली आणि अंतिम फेरी हुकली. तेव्हाही ‘दडपण पेलवले नाही’ असे म्हणणारे आमच्या व्यवसायात कमी नव्हते. तिनेच २०२४ साली पॅरिसमध्ये दोन कांस्यपदके जिंकली.

आमच्या मुलीने बारावी दिली आणि सरावही चालू ठेवला. मनगटाचा व्यायाम ती अजून करते. त्याने अपाय काहीच नाही. तिचे वडील आज तिसऱ्या रांगेत बसले आहेत. मॅगझिनच्या नोंदीची वही हल्ली त्यांच्याकडे असते. प्रश्न असतील, तर ते मला विचारू नका, त्यांना विचारा.