माशी सरकवावी, की हात सुधारावा?

कार्तिकी एकादशीला आमच्या खालापूर तालुक्यात साजगावची यात्रा भरते. बोंबल्या विठोबाची यात्रा म्हणून ती सगळ्या मुलखाला ठाऊक आहे. सुक्या मासळीचे ढीग, मिठाईची दुकाने, पाळणे, आणि कुठल्याही जत्रेत असते तशी फुगे फोडण्याची बंदूक. दोन वर्षांपूर्वी माझ्या मुलीने हट्ट धरला म्हणून मी ती बंदूक हातात घेतली. पाच छर्रे उडविले, फुगा एकही फुटला नाही. मुलगी म्हणाली, "बाबा, तुम्हाला येत नाही."

शेजारी कातकरीवाडीतला एक चौदा-पंधरा वर्षांचा मुलगा उभा होता. त्याने पैसे दिले, बंदूक घेतली, आणि पहिला छर्रा फुग्यावर न मारता मागच्या पत्र्यावरच्या एका डागावर मारला. छर्रा कोठे लागला ते नीट पाहिले. मग उरलेल्या चार छर्‍यांत त्याने चार फुगे फोडले. मला म्हणाला, "काका, ही डावीकडं ओढते. चार बोटं उजवीकडं धरा."

मला शरम वाटली ती फुगे न फुटल्याची नव्हे. मी भूगोलाचा प्राध्यापक असलो, तरी काही वर्षे महाविद्यालयातील नेमबाजी संघाची देखरेख माझ्याकडे होती. जे मी विद्यार्थ्यांना शिकवीत होतो, तेच मी विसरलो होतो. छर्रा चुकला, तर तो कोणत्या बाजूला चुकला हे आधी पाहावयाचे, एवढी साधी ती गोष्ट.

रेडिओवर आकृती काढून दाखविता येत नाही. म्हणून आपण मनातल्या मनात एक पिस्तूल डोळ्यांसमोर आणा. स्पर्धेत वापरतात ते हवेचे पिस्तूल. नळीच्या पुढच्या टोकावर एक बारीक उभा तुकडा असतो, त्याला माशी म्हणतात. मागे एक आडवी पट्टी असते व तिला मध्ये चौकोनी खाच असते. त्या खाचेतून माशी पाहावयाची. माशीचा माथा पट्टीच्या काठाशी सपाट यावा आणि तिच्या दोन्ही अंगांना सारखाच उजेड दिसावा. हे जमले म्हणजे नेम धरला गेला. माणसाच्या डोळ्याला खाच, माशी आणि लक्ष्य ही तिन्ही एका वेळी स्वच्छ दिसत नाहीत. म्हणून माशी स्वच्छ ठेवावयाची आणि लक्ष्य थोडे धूसर दिसले तरी चालवून घ्यावयाचे. नवशिका नेमके उलटे करतो.

आता थोडा हिशेब. लक्ष्य 10 मीटरवर असते. त्यावरील काळे वर्तुळ 59.5 मिलिमीटर व्यासाचे आणि मधले दहा गुणांचे वर्तुळ अवघे 11.5 मिलिमीटरचे. माशी आणि खाच यांच्यातील अंतर धरा सुमारे एक फूट. म्हणजे शाळेतल्या फूटपट्टीएवढे. 10 मीटरमध्ये अशा तेहेतीस फूटपट्ट्या बसतात. म्हणून माशी खाचेत एक मिलिमीटर बाजूला गेली, की समोर छर्रा तीस मिलिमीटरांहून अधिक सरकतो. गुणांची वर्तुळे आठ-आठ मिलिमीटरांवर आखलेली असतात. म्हणजे इथल्या एका मिलिमीटरच्या चुकीने तिथे चार गुण गेले! उलट, माशी आणि खाच एका रेषेत ठेवून सगळा हातच दोन मिलिमीटर बाजूला गेला, तर छर्राही दोनच मिलिमीटर जातो. हात थोडाफार हलणारच. त्याची धास्ती नको. रेघ मोडू नये, एवढेच.

तरीही छर्रे लक्ष्यावर लागत नाहीत, तेव्हा काय करावे? घाईने स्क्रू पिळू नये. एका छर्‍यावरून तर कधीच नाही. एकाच जागी, एकाच तऱ्हेने नेम धरून पाच छर्रे मारावेत आणि मग कागद पाहावा. कागद दोन प्रकारचे निघतात. एकावर छर्रे चहूकडे पांगलेले असतात. तेथे दोष पिस्तुलाचा नसतो. चाप हिसक्याने ओढला जातो, मूठ दर वेळी निराळी धरली जाते, श्वास सांभाळला जात नाही. असल्या हातासाठी स्क्रू फिरविणे म्हणजे स्वतःची फसवणूक. दुसऱ्या कागदावर पाचही छर्रे एका जागी गोळा झालेले असतात, पण जागा भलतीच असते. तेथे हात खरा आहे, नेमाची पट्टी चुकली आहे.

अशा वेळी त्या पुंजक्याचा मध्य धरावा आणि मागची पट्टी सरकवावी. नियम सोपा आहे. छर्रा जिकडे न्यावयाचा, तिकडे मागची पट्टी न्यावी. छर्रे खाली लागत असतील तर पट्टी वर, डावीकडे लागत असतील तर पट्टी उजवीकडे. पुढची माशी सरकवावयाची असेल तर सगळे उलटे. स्क्रू फिरताना टिक्-टिक् असा आवाज येतो. किती टिकांना छर्रा किती सरकला, हे वहीत लिहून ठेवावे. एक फसगत मात्र सांगून ठेवतो. युरोपातील काही पिस्तुलांच्या स्क्रूवर उजवीकडचे जे अक्षर असते, त्याचा अर्थ 'छर्रा उजवीकडे जात असेल तर इकडे फिरवा' असा असतो, तर अमेरिकन पद्धतीत 'छर्रा उजवीकडे न्यावयाचा असेल तर इकडे फिरवा' असा. अक्षर एक, अर्थ विरुद्ध! तेव्हा थोडे फिरवावे, पुन्हा पाच छर्रे मारावेत आणि कागदालाच विचारावे.

आणि हो, पिस्तूल हवेचे असले तरी ते खेळणे नव्हे. नळीचे तोंड सदा लक्ष्याकडे, आणि स्क्रूला हात लावण्यापूर्वी पिस्तूल रिकामे. हा नियम मोडणाऱ्याला मी मैदानातून घरी पाठवीत असे.

पण श्रोतेहो, एका मुलाला मी असाच घरी पाठविला, आणि त्याने तर कोणताच नियम मोडला नव्हता. ही 2009 सालची गोष्ट. संघाची निवड चालू होती. आमच्यापाशी दोन पिस्तुले होती, एक नवे व एक जुने. कर्जतकडच्या एका खेड्यातून येणाऱ्या मुलाच्या वाट्याला जुने आले. त्याचे पाचही छर्रे एका रुपयाच्या नाण्याखाली झाकावेत असे लागले, पण काळ्या वर्तुळाच्या बाहेर, खाली डावीकडे. गुण झाले 20. दुसऱ्याचे छर्रे सगळ्या कागदभर. त्यांतला एक नशिबाने दहात गेला, एक नवात. गुण झाले 28. मी बेरीज पाहिली, कागद पाहिला नाही. 28 वाल्याला घेतले.

पुढच्या आठवड्यात त्याच जुन्या पिस्तुलाने आणखी तिघांचे छर्रे खाली डावीकडे गेले, तेव्हा माझे डोळे उघडले. पट्टी जेमतेम दीड मिलिमीटर सरकली होती. मी ती ठीक केली. यादी मात्र कार्यालयात गेली होती. ती परत मागवावी, त्या मुलाला बोलवावे, हे मला सुचले नाही असे नव्हे. लाज वाटली, म्हणून राहून गेले. तो पुन्हा मैदानावर आला नाही.

गेल्या उन्हाळ्यात तो मला कर्जत स्टेशनच्या फलाटावर भेटला. आता संसारी माणूस झाला आहे. वाकून नमस्कार केला, घरची चौकशी केली, आणि गाडी येता येता हसून म्हणाला, "सर, ते पिस्तूल नंतर नीट केलंत का?" मी "हो" म्हणालो. त्याहून अधिक काही बोलता आले नाही.

शिक्षक बंधू-भगिनींनो, आपल्या हातांतून रोज असे कागद जातात. 52 मधून 17 वजा करा म्हटले, की एखादा मुलगा 45 लिहितो. सातांतून दोन गेले पाच, पाचांतून एक गेला चार. दहाही गणिते तो याच रीतीने करतो, आणि आपण 10 पैकी शून्य देऊन मोकळे होतो. पण त्याचे छर्रे एका जागी लागत आहेत! त्याला हातचा घेणे तेवढे समजावून द्यावयाचे आहे. स्क्रूचा एक फेर. ज्याची दहा उत्तरे दहा तऱ्हांनी चुकतात, त्याला सराव हवा, कदाचित डोळ्यांची तपासणी हवी, कदाचित सकाळची भाकरी हवी. दोघांनाही शून्यच मिळते, म्हणून दोघे सारखे ठरत नाहीत.

महाराष्ट्राला या खेळात मोठे यश आहे. कोल्हापूरच्या राही सरनोबत यांनी 2018 च्या आशियाई स्पर्धेत 25 मीटर पिस्तुलात सुवर्णपदक मिळविले. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळे यांनी 2024 साली पॅरिसला रायफलमध्ये कांस्यपदक आणले. खालापूरला लागून असलेल्या पनवेलमध्ये सुमा शिरूर मुलांना नेमबाजी शिकवितात. 2004 साली आशियाई अजिंक्यपद स्पर्धेत त्यांनी 400 पैकी 400 गुण मिळविले होते. असल्या कसलेल्या नेमबाजांनाही मोठ्या स्पर्धांत सामना सुरू होण्यापूर्वी वेळ दिला जातो. त्या वेळात हवे तितके छर्रे मारावेत, पट्टी लावून घ्यावी. त्यांचे गुण धरले जात नाहीत.

जगातल्या उत्तम नेमबाजांना जी सवलत आहे, ती आपल्या पहिलीतल्या, पाचवीतल्या, अकरावीतल्या पोरांना आपण देतो काय? साजगावच्या जत्रेतल्या त्या मुलाने ती स्वतःच घेतली होती. पहिला छर्रा त्याने गुणांसाठी मारला नव्हता, पाहण्यासाठी मारला होता. आपण निदान बेरीज मांडण्यापूर्वी कागद पाहू या.