केसपेपर न वाचणारा सेवेकरी



कुत्र्यानं भाकरी पळवली आणि नामदेवराय तुपाची वाटी घेऊन त्याच्या मागं धावले, ही कथा तुम्हा-आम्हाला पाठ आहे. ऐकताना माना डोलतात, डोळे भरतात. अन् घरी गेलं की दारातल्या कुत्र्याला पहिलं काय म्हणतो? हाड! कथा कानापर्यंत आली, हातापर्यंत आली नाही. आता ती हातात कशी उतरते, ते पाहा.

मुंबई-पुण्याकडं मीनल कविश्वर नावाच्या मानसशास्त्र शिकलेल्या ताई आहेत. त्यांनी ‘अ‍ॅनिमल एंजल्स फाउंडेशन’ नावाची संस्था काढली. ही मंडळी शिकवलेली कुत्री घेऊन विशेष मुलांच्या शाळांत, दवाखान्यांत जातात. तुम्ही म्हणाल, महाराज, दवाखान्यात कुत्रं? हो, पण कोणतंही नव्हे. या कामाला कुत्रं स्वभावानं शांत लागतं, लसी टोचलेलं, स्वच्छ लागतं. सोबत सांभाळणारा माणूस हवा, डॉक्टरांची परवानगी हवी, आईबापाचा होकार हवा. ज्या लेकराची प्रतिकारशक्ती फार कमी झाली आहे, त्याच्यापासून लांब ठेवायचं. लेकरानं हात लावला की हात धुवायचे. तेव्हा उद्या गल्लीतलं कुत्रं धरून वॉर्डात नेऊ नका! भाव पाहिजे, तशी सेवेला शिस्तही पाहिजे.

बरं, ते कुत्रं तिथं करतं काय? इंजेक्शन देतं? उपदेश करतं? काही नाही. जवळ बसतं.

अमेरिकेत बोरिस लेविन्सन नावाचे बालमानसतज्ज्ञ होते. कुणाशी न बोलणारं, मिटून गेलेलं एक मूल त्यांच्याकडं आणलं. खोलीत त्यांचं कुत्रं होतं, जिंगल्स. ते मुलाजवळ गेलं आणि मूल त्याच्याशी खेळू लागलं. पुढं १९६२ साली लेविन्सन यांनी यावर लेख लिहिला, कुत्र्याला उपचारातला सहकारी म्हटलं.

असं का होतं? आजारी लेकराजवळ जो येतो, तो काहीतरी मागतो. नर्सबाई म्हणते, हात पुढं कर. आजी म्हणते, दोन घास खा. बाप म्हणतो, रडू नको. सगळे मायेनंच म्हणतात. पण लेकरू थकतं हो! कुत्रं काही मागत नाही. केसपेपर वाचत नाही, जात विचारत नाही, आजाराचं नाव विचारत नाही.

आजाराचं नाव! आपल्या बीडजवळ पालीला दत्ता आणि संध्या बारगजे या दाम्पत्यानं ‘इन्फंट इंडिया’ उभी केली. एचआयव्हीबाधित अनाथ लेकरं तिथं सांभाळतात. का उभी करावी लागली? आजाराचं नाव ऐकून रक्ताचे नातेवाईकही हात मागं घेतात म्हणून. जवळ बसल्यानं, डोक्यावरून हात फिरवल्यानं, एका ताटात जेवल्यानं हा आजार लागत नाही, हे डॉक्टर किती वर्षं सांगताहेत. तरी माणूस लांब सरकतो. मुकं जनावर जवळ बसतं अन् हरिपाठ म्हणणारा लांब सरकतो! मग देव कुणाजवळ उभा राहील, तुम्हीच सांगा.

आणखी एक पाहा. दवाखान्यातून निघताना लेकरू विचारतं, मोती परत कधी येईल? पट्टा धरणाऱ्याचं नाव त्याला ठाऊक नसतं. आपण एक पंखा देतो अन् त्याच्या पात्यावर बापाचं नाव घालतो! सेवा घडावी आणि सेवेकऱ्याचं नाव मागं राहावं, ती निष्काम सेवा.

आपल्याकडं शिकवलेलं कुत्रं नसेल, नसू द्या. अंबाजोगाईच्या सरकारी दवाखान्यात, बीडला, जिथं जमेल तिथं, कुणाची आई ऊसतोडीला गेलेली असेल, म्हातारी आजी एकटी उशाशी असेल. परवानगी घ्या, हात धुवा आणि घटकाभर बसा. “काय झालं?” एवढं मात्र विचारू नका. लेकरू बोललं तर ऐका, नाही बोललं तरी बसा. नामदेवरायांच्या वाटीतलं तूप ते हेच.

पुंडलिक वरदे हरि विठ्ठल!