गुळवेल कोणती, किती आणि कोणाला?

(कल्याण येथील व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचे शब्दांकन)



कसारा लोकल आसनगाव सोडून आटगावकडे निघाली की दोन्ही बाजूंना रान सुरू होते. त्या शहापूर तालुक्यातल्या कातकरी तरुणांच्या एका गटाला डाबर, बैद्यनाथ आणि हिमालय या कंपन्यांकडून ३५० टन गुळवेलीची मागणी आली. किंमत १ कोटी ५७ लाख रुपये. २०२१ सालची, ऐन करोनातली ही बातमी. सरकारने वनधन योजनेचे यश म्हणून ती प्रसिद्ध केली आणि ते यश होतेच. मी मात्र आधी भागाकार केला. किलोला पंचेचाळीस रुपयांच्या आसपास पडतात. मग दुसरा प्रश्न आला: साडेतीनशे टन गुळवेल कोणाच्या पोटात जाणार, आणि कशासाठी? आज बोलायचे आहे ते मुख्यतः या दुसऱ्या प्रश्नाबद्दल.

आपल्यापैकी बहुतेकांनी गुळवेल पाहिलेली आहे. हृदयाच्या आकाराची पाने, झाडावरून दोऱ्यांसारखी लोंबणारी मुळे. जून खोड नखाने खरवडले की वरचा पापुद्रा कागदासारखा निघतो आणि खाली हिरवेगार दिसते. आडवे कापले की चाकाच्या आऱ्यांसारखी रचना दिसते. तुकडा कापून नुसता कुंपणावर टाकला तरी तो जमिनीकडे मुळे सोडून जगतो. संस्कृतात तिला अमृता म्हटले ते उगाच नव्हे. जिभेवर ठेवली तर मात्र हे अमृत कडूजहर.

या वेलीवरचे सगळ्यात लक्षणीय काम आपल्यापासून फार दूर झालेले नाही. सकाळची फास्ट पकडून दादरला उतरलात की परळचे केईएम रुग्णालय जवळच. तिथे औषधशास्त्राच्या डॉ. शरदिनी डहाणूकर यांनी आयुर्वेद संशोधनाचे दालन उभे केले. 'फुलवा'च्या लेखिका म्हणून मराठी वाचक त्यांना ओळखतात. त्यांच्या प्रयोगशाळेबद्दल ते तितकेसे वाचत नाहीत. त्यांच्याबरोबर डॉ. निर्मला रेगे, डॉ. उर्मिला थत्ते, आणि शस्त्रक्रियेच्या बाजूने डॉ. रवी बापट. हो, 'वॉर्ड नंबर पाच, केईएम'वाले बापट.

त्यांच्यापुढचा प्रश्न 'गुळवेल चांगली की वाईट' असा ढोबळ नव्हता. कर्करोगाच्या गाठीने पित्तनलिका बंद झालेला रोगी घ्या. पित्त आतड्यात उतरत नाही, कावीळ वाढते. शल्यविशारद पित्ताला बाहेर वाट करून देतात आणि नंतर मोठी शस्त्रक्रिया करतात. ती नीट पार पडूनही अनेक रोगी जंतुसंसर्ग रक्तात भिनून दगावत. कारण तुंबलेल्या पित्ताने रक्तातल्या पांढऱ्या पेशींची जंतू गिळून मारण्याची ताकद खालावलेली असते. आधी उंदरांची पित्तनलिका बांधून हीच अवस्था निर्माण केली गेली, आणि गुळवेलीच्या पाण्यातल्या अर्काने ही ताकद सुधारते असे दिसले. मग रोग्यांची पाळी.

१९९३ साली प्रसिद्ध झालेल्या या अभ्यासात ३० रोगी होते. एका गटाला नेहमीचे उपचार: जीवनसत्त्व के, प्रतिजैविके, पित्ताचा निचरा. दुसऱ्या गटाला तेच सगळे, आणि वर गुळवेलीचा अर्क, वजनाच्या दर किलोमागे रोज १६ मिलिग्रॅम. म्हणजे पन्नास किलोच्या माणसाला ८०० मिलिग्रॅम. पहिल्या गटातल्या निम्म्या रोग्यांत संसर्ग रक्तात भिनल्याची लक्षणे दिसली, दुसऱ्यात एकाही रोग्यात नाही. शस्त्रक्रियेनंतर वाचलेले पहिल्या गटात ४० टक्के, दुसऱ्यात ९२.४ टक्के.

आकडे ऐकून टाळ्या वाजवाव्यात असे आहेत. पण थोडे थांबू या. रोगी तीस, रुग्णालय एक. असा निकाल आला की दहा ठिकाणी, तीनशे-चारशे रोग्यांवर तो पडताळायचा असतो. तसे मोठे काम उभे राहिले नाही याची मला खंत वाटते. पुढे बीएआरसीच्या शास्त्रज्ञांनी गुळवेलीतून अरॅबिनोगॅलॅक्टन नावाची, प्रतिकारपेशींना चेतवणारी एक बहुशर्करा वेगळी काढली. तो शोधनिबंध १९९९चा. तेव्हा 'गुळवेल प्रतिकारशक्तीवर काम करते' या विधानाला आधार आहे. पण तो आधार विशिष्ट अर्काला, विशिष्ट मात्रेला आणि विशिष्ट रोग्याला आहे. दुकानातल्या पांढऱ्या गुळवेल सत्त्वाचे उदाहरण घ्या. खोड कुटून पाण्यात भिजत घालतात, तळाशी बसलेला साका वाळवतात. तो बराचसा पिष्ट असतो, आणि कडवटपणा वरच्या पाण्याबरोबर गेलेला असतो. त्याचे वैद्यकीय उपयोग वैद्य सांगतील. केईएमचा अभ्यास मात्र त्याच्या डबीवर चिकटवता येणार नाही.

काविळीचा विषय निघालाच आहे, तर भुईआवळीबद्दल दोन शब्द. पावसाळ्यात डोंबिवलीच्या कुठल्याही सोसायटीच्या फरशांच्या फटीतून ही उगवते. घरोघर ती काविळीवर देतात आणि गुण येतो. येणारच. दूषित पाण्यातून होणारी हिपॅटायटिस ए ची कावीळ बहुतेकांची काही आठवड्यांत आपोआप उतरते. भुईआवळी द्या, माळ घाला, नुसता उसाचा रस पाजा, श्रेय त्यालाच. म्हणून तर दोन गट करून ताडून पाहावे लागते. तसे १९८८ मध्ये चेन्नईला झाले, तेही चिवट अशा हिपॅटायटिस बी वर. भुईआवळी घेतलेल्या ३७ जणांपैकी २२ जणांच्या रक्तातून विषाणूची खूण नाहीशी झाली. खोटी गोळी घेतलेल्या २३ जणांत फक्त एकाच्या. लॅन्सेटने छापले. अभ्यासात नोबेल विजेते ब्लुमबर्ग सहभागी. जगभर उत्साह. दोनच वर्षांत थायलंडमध्ये तोच प्रयोग केला, तर काही हाती लागले नाही. कोणी लबाडी केली असे मी म्हणत नाही. जात वेगळी असेल, माती वेगळी, काढण्याचा हंगाम वेगळा, किंवा पहिला निकाल योगायोगाचा. पण हे शोधायला पहिल्या प्रयोगातली भुईआवळी नेमकी कोणती, हे ठाऊक असावे लागते.

याउलट कुहिली. मुरबाडच्या रानात गुरे राखलेल्या माणसासमोर नुसते नाव काढले तरी तो अंग खाजवू लागेल. तिच्या बियांत लेव्होडोपा असते, कंपवाताच्या रोग्याला आजही मुख्यतः दिले जाणारे रसायन. मुंबईच्या डॉ. अशोक वैद्य यांनी १९७८मध्येच कंपवातावर कुहिलीचा अभ्यास प्रसिद्ध केला होता. पुढे तिच्या बियांची चूर्णरूप तयारी साठ रोग्यांवर तपासली गेली, तो अहवाल १९९५चा. लंडनमध्ये २००४ साली आठ रोग्यांवर तुलना झाली: तीस ग्रॅम कुहिलीच्या तयारीचा परिणाम सरासरी ३५ मिनिटांत दिसू लागला, नेहमीच्या गोळीचा ६९ मिनिटांत. रोगी आठच, हे विसरू नका. पण इथे संशोधकांच्या हाती एक किल्ली होती. रसायन माहीत, मोजता येते, प्रत्येक पुडीत किती आहे ते छापता येते. गुळवेलीत तशी एकच एक किल्ली नाही. तिथे शिस्त दुप्पट हवी.

आणि करोनाच्या दिवसांत नेमकी ती शिस्त सुटली. २०२०च्या उन्हाळ्यात सोसायट्यांच्या कुंपणांवरच्या गुळवेली बुंध्यापासून छाटलेल्या मी पाहिल्या. कोणी पेरभर उकळत होते, कोणी हातभर. महिनोन्‌महिने, निरोगी माणसे, रोज सकाळी. ऑक्टोबर २०२०मध्ये आयुष मंत्रालयाच्या करोना उपचार-सूचनांतही गुळवेल आली. तिथे निदान मात्रा आणि मुदत लिहिलेली होती. व्हॉट्सॲपवरून घरोघर गेली ती बिनमात्रेची.

मग मुंबईत यकृततज्ज्ञ डॉ. आभा नागराळ आणि सहकाऱ्यांनी सहा रोग्यांची हकिगत प्रसिद्ध केली. सप्टेंबर ते डिसेंबर २०२०मध्ये आलेले हे रोगी. कावीळ झालेली, विषाणू सापडत नाही, आणि सर्वांच्या इतिहासात गुळवेल. यकृताचे चित्र असे की जणू शरीराची प्रतिकारयंत्रणाच त्याच्यावर उलटली आहे. २०२२ साली देशातल्या तेरा केंद्रांतून ४३ रोग्यांची माहिती एकत्र आली. सेवन सुरू केल्यापासून लक्षणे दिसेपर्यंतचा मध्यक काळ ४६ दिवस. मृत्यू दहा टक्क्यांच्या वर, आणि तेही प्रामुख्याने आधीच यकृत जुनाट दुखण्याने खंगलेल्यांत.

आयुष मंत्रालयाने लगेच हरकत घेतली: ही खरी गुळवेल नसेल, तिच्यासारखी दिसणारी टायनोस्पोरा क्रिस्पा असेल. तिच्या खोडावर चामखिळींसारखे उंचवटे असतात. आपल्याकडे केसाळ पानांची आणखी एक जवळची जातही मिळते. म्हणजे हरकत फालतू नव्हती. पण मोठ्या अभ्यासात रोग्यांकडून मिळवलेले नमुने तपासले गेले आणि त्यांत गुळवेलीचीच रसायने सापडली. तेव्हा सगळा दोष तोतया वेलीवर ढकलून मोकळे होता येत नाही. त्याचबरोबर हेही खरे की लाखो लोकांनी काढे प्यायले आणि त्यांना काही झाले नाही. ४३ हा आकडा दुर्मीळ पण गंभीर अपायाचा आहे, घबराटीचा नव्हे.

मला यात विरोधाभास दिसत नाही. केईएमच्या रोग्याची प्रतिकारयंत्रणा ढेपाळलेली होती. तिला चेतवले आणि तो वाचला. ज्याची यंत्रणा आधीच स्वतःच्या अवयवांवर डोळे वटारून बसली आहे, त्याला तोच चेतवणारा काढा दोन महिने पाजला तर काय होईल? एकाच गुणाची ही दोन टोके. 'नैसर्गिक आहे, अपाय नाही' हे वाक्य मला म्हणूनच पटत नाही. परिणाम असेल तिथे अपायाची शक्यताही असायचीच. जे कशालाच धक्का लावत नाही, ते रोगालाही लावणार नाही. आणि जुन्या वैद्याने तरी कुठे सरसकट दिले होते? तो प्रकृती, काळ, वय, अग्नी पाहूनच मात्रा ठरवत असे. सगळ्यांना सारखाच काढा ही पद्धत आपली, त्याची नव्हे.

श्रोत्यांतून चिठ्ठी आली आहे: 'मी चार वर्षे रोज घेतो, चालू ठेवू का?' व्यासपीठावरून औषध सांगणाऱ्यावर विश्वास ठेवू नका, माझ्यावरही. पण थायरॉइडचा, संधिवाताचा, सोरायसिसचा किंवा यकृताचा काही त्रास असेल, तर आजच थांबवा आणि डॉक्टरांना दाखवा. त्रास नसला तरी, डॉक्टर 'कोणती औषधे चालू आहेत' असे विचारतात तेव्हा गुळवेल त्या यादीत सांगा. आपण ती सांगत नाही, कारण आपण तिला औषध समजत नाही. २०१८पासून आयुष औषधांच्या दुष्परिणामांची नोंद ठेवणारी देशव्यापी यंत्रणा आहे. नोंदी येतच नसतील तर तिचा उपयोग काय?

आता त्या पंचेचाळीस रुपयांकडे. शहापुरातल्या कातकरी माणसाला वेल ओळखायला प्रयोगशाळा लागत नाही. खैराचा गाभा उकळून कात काढणारी ही जमात. कोणत्या झाडातून काय उतरते हे त्यांनी पिढ्यान्‌पिढ्या हाताळले आहे. पण गुळवेल वाळवून, तुकडे करून पोत्यात भरली की पाने गेली, आधाराचे झाड गेले, गाव आणि महिना गेला. कारखान्याच्या दारात पोचतात ते भुरकट तुकडे. मुंबईच्या झेवियर्स महाविद्यालयात ब्लॅटर हर्बेरियम आहे, संशोधक आपले नमुने ओळख पटवायला तिथे नेतात. मग प्रत्येक खेपेतली पानासकट एक फांदी दाबून, वाळवून, गाव, तारीख, वेल कोणत्या झाडावर चढली होती आणि कोणी तोडली हे लिहून शहापुरातच का ठेवू नये? २०२०मध्ये असे दप्तर असते, तर क्रिस्पा की खरी गुळवेल हा वाद वर्षभर पत्रकांतून चालवावा लागला नसता. कपाट उघडून फांदी दाखवता आली असती. हे काम वनस्पतीशास्त्राचा पदवीधर आणि दोन जाणते कातकरी मिळून करू शकतात. त्यांची मजुरी पंचेचाळीसमध्ये बसत नाही. ती किलोमागे दोन-तीन रुपये वाढवून कंपन्यांनी द्यावी, असे माझे म्हणणे आहे. आणि दप्तर कंपनीच्या नव्हे, गटाच्या नावावर राहावे.