न हरता गेलेले अजिंक्यपद

श्रोतेहो, कुस्तीचा फड तुम्ही पाहिलेला आहे. पाठ मातीला लागली की निकाल लागला. पंचाने हात वर करण्याआधीच तो साऱ्या गावाला कळलेला असतो. म्हणूनच मुष्टियुद्धाच्या जगातली एक गोष्ट प्रथम ऐकताना चमत्कारिक वाटते. तिथे जगज्जेता न हरताही जगज्जेतेपद गमावतो. ठोसा बसत नाही, रक्त येत नाही. कुठल्याशा कचेरीतून एक कागद निघतो आणि पट्टा जातो. माझ्या वर्गातल्या एका मुलाने मला एकदा विचारलं, "पण सर, त्याला हरवलं कुणी?" त्याला उत्तर देता देता तास संपला. तेच आज तुम्हांला सांगतो.

आधी हे पाहू, की पद देतो कोण? सरकार नव्हे, आणि ऑलिंपिकवालेही नव्हेत. धंदेवाईक मुष्टियुद्धात जगज्जेतेपद देणाऱ्या आज चार मोठ्या खाजगी संस्था आहेत. सर्वांत जुनीचे मूळ १९२१ सालच्या अमेरिकेतले, सर्वांत नवी १९८८ सालची. प्रत्येकीचा पट्टा वेगळा, आव्हानवीरांची यादी वेगळी. आणि लढतीच्या बिदागीत प्रत्येकीला आपला हिस्सा हवा असतो, हेही ध्यानात असू द्या. जो पट्टा देतो तोच तो काढून घेतो.

काढून घेण्याची काही कारणे अगदी रास्त असतात. वजनाचेच घ्या ना. मेक्सिकोचा लुईस नेरी २०१८ साली टोकियोत यामानाका या जपानी वीराशी लढण्यापूर्वी काट्यावर उभा राहिला. मर्यादा ११८ पौंडांची. भरला सुमारे पाच पौंड जास्त! पट्टा तिथेच गेला. दुसऱ्या दिवशी त्याने लढत जिंकली, पण पट्टा काही परत मिळाला नाही. यात गैर काय झाले? समोरचा बिचारा उपाशी राहून वजन उतरवतो, त्याने काय करावे?

दुसरे कारण आव्हानवीराचे. यादीत पहिला असेल त्याच्याशी ठराविक मुदतीत लढलेच पाहिजे, असा नियम असतो. तो नसता तर जगज्जेते दुबळे गडी निवडून निवडून लढले असते. नियम चांगलाच, पण त्याचा अंमल कसा होतो पाहा. १५ फेब्रुवारी १९७८ रोजी लास व्हेगासला लिऑन स्पिंक्सने मुहम्मद अलीला हरवले. स्पिंक्सची ती अवघी आठवी धंदेवाईक लढत! चार संस्थांपैकी एकीचे म्हणणे, पुढची लढत केन नॉर्टनशी कर. स्पिंक्सला मात्र अलीशीच पुन्हा लढायचे होते, कारण मोठा पैसा तिथेच होता. मार्चमध्ये पट्टा काढून घेतला गेला आणि नॉर्टनला दिला. कशाबद्दल? तर आदल्या वर्षी त्याने जिमी यंगला हरवले होते त्याबद्दल! जूनमध्ये लॅरी होम्सने नॉर्टनला हरवलेही. म्हणजे जगज्जेतेपदासाठी हा गडी तीनदा रिंगणात उतरला, तिन्ही वेळा हरला, आणि तरी जगज्जेत्यांच्या यादीत त्याचे नाव आहे. मल्ल हलका नव्हता हो. १९७३ साली याच नॉर्टनने अलीचा जबडा मोडला होता. पण असा मान त्यालाही कितपत गोड लागला असेल?

आता अलीविषयी. इथे ना वजनाचा प्रश्न होता, ना आव्हानवीराचा. २८ एप्रिल १९६७ रोजी ह्यूस्टन शहरात सैन्यभरतीसाठी त्याचे नाव पुकारले गेले. व्हिएतनामचे युद्ध चालू होते. धर्माला स्मरून आपण या युद्धात जाणार नाही, असे सांगून तो जागचा हलला नाही. त्याच दिवशी न्यूयॉर्कच्या मुष्टियुद्ध मंडळाने त्याचा परवाना रोखला आणि पद काढले. इतरांनी मंडळाचाच कित्ता गिरवला. अजून खटलाही चालला नव्हता, बरं का! पाच वर्षांच्या कैदेची शिक्षा झाली ती जूनमध्ये. त्यावर अपील केले म्हणून तो तुरुंगाबाहेर राहिला खरा, पण परदेशी जाऊन लढावे तर पासपोर्टही काढून घेतलेला.

तोवर तो २९ लढती लढून एकही हरला नव्हता. वय २५. रिकाम्या जागेसाठी स्पर्धा झाली, ती जिमी एलिसने जिंकली. हा एलिस एके काळी अलीच्याच सरावाचा जोडीदार! न्यूयॉर्कवाल्यांनी जो फ्रेझरला मानले. अली मात्र कॉलेजांतून व्याख्याने देत हिंडत होता. आम्हां व्याख्यात्यांना हा धंदा जन्मभर पुरतो. पण मुष्टियोद्ध्याची पायांतली चपळाई पंचविशीतच असते, ती साठवून ठेवता येत नाही. साडेतीन वर्षांनी, ऑक्टोबर १९७० मध्ये, तो पुन्हा रिंगणात आला. मार्च १९७१ मध्ये फ्रेझरने त्याला हरवले, आणि जूनमध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने आठ विरुद्ध शून्य मतांनी त्याची शिक्षा रद्द केली. गेलेली वर्षे कुठले न्यायालय परत देणार? पद त्याला मिळाले ते ३० ऑक्टोबर १९७४ रोजी, किन्शासाला, जॉर्ज फोरमनला आठव्या फेरीत पाडून. तेव्हा तो ३२ वर्षांचा होता.